'छायाचित्र' चूक कसं?

ठाण्याहून विचारणा आली आहे: सायनोटाइप, म्हणजे उन्हात निळी चित्रं उमटवण्याचं तंत्र, शिकवताना सांगितलं गेलं की फोटो प्रकाशाने उमटतो, म्हणून 'छायाचित्र' चूक, 'प्रकाशचित्र' म्हणावं. हे बरोबर का? आणि सायनोटाइपला मराठी शब्द कोणता?

हा 'प्रकाशचित्रा'चा आग्रह हल्ली फार कानावर येतो. 'फोटो'मागच्या, प्रकाश या अर्थाच्या ग्रीक शब्दाचं भाषांतर केलं की शब्द शुद्ध झाला, असं मानणाऱ्यांनी 'छाया' शब्द कोशात एकदा तरी पाहावा. मेघदूतात गंभीरा नदीच्या पाण्यात मेघाचा 'छायात्मा' उतरतो, ते प्रतिबिंब. त्याच काव्यातली 'रत्नच्छाया' म्हणजे झळाळी. वर्तमानपत्रात फोटोखाली 'छाया :' छापतात, त्यात काहीही चूक नाही.

खरा आनंद पुढे आहे. 'फोटोग्राफी' हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने मार्च १८३९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वापरला. त्याआधी फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक, टॅलबट, आपल्या तंत्राला 'स्कियाग्राफी' म्हणत होता. ग्रीक 'स्किया' म्हणजे सावली, आणि 'स्किया' व 'छाया' या सख्ख्या बहिणी, एकाच इंडो-युरोपीय मुळातल्या. म्हणजे 'छायाचित्र' हा टॅलबटच्या शब्दाचाच जुळा भाऊ!

सायनोटाइपला तर 'छायाचित्र' हाच शब्द तंतोतंत बसतो. हे तंत्र हर्शेलचंच, १८४२ चं; पुढच्याच वर्षी वनस्पतींची अभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने कॅमेऱ्याविना, शेवाळं थेट कागदावर ठेवून चित्रं केली. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम, दोन्ही वेगवेगळे १०० मिली पाण्यात विरघळवा. समभाग मिसळून मंद पिवळ्या दिव्यात कागदावर लावा, अंधारात सुकवा. वर नेचाचं पान, त्यावर काच दाबून उन्हात. जिथे ऊन पोचतं तिथे निळा रंग पक्का होतो. पानाखालचं रसायन धुताना निघून जातं. पांढरं उरतं ते फक्त सावलीच्या जागी. छायेचे सावली आणि झळाळी हे दोन्ही अर्थ तिथे एकत्र भेटतात.

खाडीकाठचं तिवराचं जाड पान घेतलं तर नुसता पांढरा आकार मिळतो. नेचाच्या पातळ पात्यातून थोडं ऊन झिरपतं, म्हणून शिरा वेगळ्या दिसतात. पान काचेखाली नीट टेकलं नाही तर कडा पसरतात. आणि जुलैत ठाण्याच्या दमट हवेत थर पुरता सुकला नाही, तर पांढरी उरायला हवी ती छायाच निळसर पडते.