कॅन या जर्मन रॉक बँडच्या ७०च्या दशकातल्या रेकॉर्डिंगचा साउंड इतका वेगळा कसा? मोठा स्टुडिओ होता का त्यांच्याकडे?

नाही हो, उलट! सुरुवातीला कोलोनजवळच्या नॉरव्हेनिख गावातल्या एका गढीत रेकॉर्डिंग करायचे, १९७१ चा टागो मागो हा अल्बम तिथलाच, मग वाइलर्सव्हिस्टला जुनं थिएटर घेतलं आणि त्याच्या भिंतींवर लष्कराच्या जुन्या गाद्या ठोकल्या, आवाज घुमू नये म्हणून. कितीतरी वर्षं सगळं फक्त दोन ट्रॅकवर, म्हणजे सगळे एकत्र वाजवणार आणि मिक्सिंग जागच्या जागी, नंतर ड्रम वाढव, गिटार कमी कर असलं काही नाही.

पण खरी गंमत त्याच्यापुढे आहे. तासन्‌तास जॅम करायचे, म्हणजे काही न ठरवता सुचेल तसं एकत्र वाजवायचे, टेप चालूच, आणि मग बेसवाला होल्गर चुकाय (हा प्रयोगशील जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेनचा विद्यार्थी बरं का) ब्लेडने टेप कापून, चांगले तुकडे चिकटपट्टीने जोडून गाणं तयार करायचा. आज आपण लॅपटॉपवर कट-पेस्ट करतो तेच, फक्त हाताने, आणि चुकीच्या जागी कापलं तर अन्डू नाही. हे जमायचं कारण माझ्या मते ड्रमर याकी लीबेत्साइट, त्याची लय इतकी पक्की की तुकडे जोडले तरी ठेका हलत नाही.

नॉय! या दुसऱ्या जर्मन बँडचा किस्सा तर भारीच, १९७३ च्या दुसऱ्या अल्बमला पैसे संपले म्हणून आधीच्या सिंगलची दोन गाणी कमी-जास्त स्पीडने वाजवून दुसरी बाजू भरली. तेव्हा लोक चिडले होते, पण मला तो रिमिक्सच वाटतो. आता हेडफोन लावून कॅनच्या टागो मागोतलं हालेलुवा ऐका, १८ मिनिटं आहेत, घाई करू नका.