पहिल्यांदाच सिडनी? मग एवढं कर

अरे, तू सिडनीचा जो प्लॅन पाठवलास त्यात चार दिवसांत नऊ ठिकाणं आहेत, म्हणजे नुसती पळापळ, अर्धी काढून टाक, सगळे नवखे हीच चूक करतात. पहिल्या दिवशी फक्त 'सर्क्युलर की' या शहरातल्या बोटींच्या धक्क्यावरून मॅनली या किनाऱ्यावरच्या उपनगराची फेरीबोट पकड, बाहेर डेकवर बस, निघाल्या निघाल्या उजवीकडे ऑपेरा हाऊस, डावीकडे हार्बर ब्रिज, वेगळी महागडी क्रूझ लागतच नाही. वारा जोरात असतो, जॅकेट ठेव.

- ट्रेन, बस, बोटीला कॉन्टॅक्टलेस (नुसतं टेकवायचं) बँक कार्ड चालतं, पण उतरतानाही टॅप कर, नाहीतर जास्त पैसे कटतात.
- हॉटेल स्टेशनजवळच घे.
- डिसेंबरमध्ये तिकडे उन्हाळा, सनस्क्रीन हवंच.
- समुद्रात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतर, तिथेच जीवरक्षकांचं लक्ष असतं.

ब्लू माउंटन्सला, म्हणजे सिडनीबाहेरच्या डोंगरांत, ट्रेनने जायलाच दोन तास, त्याला अख्खा दिवस दे. तारखा ठरल्या की कळव.