किनाऱ्यावरील खाड्या आणि तेथील वन्यजीव यांच्या रक्षणासाठी स्थानिक संस्थेत स्वयंसेवक म्हणून गेल्यास नेमके काय काम करावे लागते? शास्त्राचे शिक्षण नसलेल्या माणसाचा तिथे उपयोग होतो का?

आठवड्यातला एक दिवस द्यायची तयारी आहे, पण जीवशास्त्राचा गंध नाही. अशा माणसाचा खाडीरक्षणाच्या कामात खरोखर उपयोग होतो, की छायाचित्रापुरता हातभार लागतो, असा आपला प्रश्न आहे. मी बऱ्याच वर्षांपासून अशाच एका छोट्या संस्थेचा स्वयंसेवक आहे आणि माझे शिक्षण हिशेबाचे आहे, त्यामुळे पदवीची चिंता मनातून काढून टाकावी, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. तिथे वानवा असते ती ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने तीच नोंद महिनोन्‌महिने करीत राहणाऱ्या माणसाची. सफाईच्या दिवशी हौसेने आलेले शंभर जण मिळतात. पहाटे अंधारात पाण्याचा नमुना घ्यायला जाणारा एक मिळता मिळत नाही.

असे का, हे कळण्यासाठी खाडी आजारी कशी पडते ते पाहावे लागेल. उघड्या समुद्राच्या मानाने खाडी उथळ असते आणि बहुधा तिचे तोंड अरुंद असते, त्यामुळे आत आलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. शेतातली खते, सांडपाणी आणि गळक्या मैलाटाक्या यांतून नायट्रोजन पाण्यात उतरला की तरंगते शेवाळ माजते, पाणी हिरवट गढूळ होते आणि तळाशी वाढणाऱ्या सागरी गवतापर्यंत ऊन न पोहोचल्याने ते मरते. हे गवत म्हणजे लहान माशांचे, कोळंबीचे आणि खेकड्यांच्या पिलांचे घर. शिवाय त्याच्या मुळांनी गाळ धरून ठेवलेला असतो, म्हणून ते गेले की गाळ उसळतो, पाणी आणखी गढुळते आणि उरलेसुरले गवतही जाते. पुढे शेवाळ मरून कुजू लागले की कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवत नेतात. यातले काहीच एका दिवसात घडत नाही आणि काठावरून जाणाऱ्याला जाणवतही नाही. त्याला दिसते ती अखेरीस पोट वर करून तरंगणारी मासळी.

म्हणूनच पाण्याची नियमित तपासणी या कामाला मी सगळ्यांत वर ठेवतो. विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असते, कारण दिवसा गवत आणि शेवाळ प्राणवायू सोडतात, तर रात्रभर मासे, जिवाणू आणि तेच शेवाळ तो वापरत राहतात. आजारी खाडीही दुपारी मोजली तर ठणठणीत वाटू शकते. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर आकडा असला तर बहुतेक माशांचे बरे चालते. तो २ च्या खाली गेला की ज्यांना पळता येते ते पळतात आणि कालवांसारखे जागेवर चिकटलेले जीव तिथेच अडकून पडतात. नमुन्याची बाटली पाण्याखाली बुडवूनच भरायची असते आणि हवेचा एकही बुडबुडा आत न ठेवता तिथेच बूच लावायचे असते, कारण त्या बुडबुड्यातला प्राणवायू पाण्यात मिसळला तरी आकडा खोटा पडतो. पाण्याची पारदर्शकता मोजण्याचे साधन तर याहूनही साधे आहे. आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये वापरलेली तबकडी आजही थोड्याफार फरकाने तशीच वापरात आहे. खुणा केलेल्या दोरीने ती पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली तिथली खोली टिपायची, वर ओढताना पुन्हा दिसू लागली तिथली टिपायची आणि दोहोंची सरासरी घ्यायची. हे सारे उन्हाचा चष्मा काढून, होडीच्या सावलीच्या बाजूने वाकून आणि ऊन डोक्यावर असताना. हे बारकावे क्षुल्लक वाटतात, पण ते पाळले नाहीत तर दोन माणसांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत आणि सगळी वहीच निरुपयोगी होते.

या कंटाळवाण्या कामातून काय निष्पन्न होते, याचे भक्कम उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या खाड्यांत आहे. तिथले ईलग्रास नावाचे सागरी गवत १९३० च्या दशकाच्या आरंभी रोगाने आणि पाठोपाठ १९३३ च्या चक्रीवादळाने नाहीसे झाले आणि त्याबरोबर स्कॅलप या शिंपल्यांवर चालणारा व्यवसायही बुडाला. नंतरची कित्येक दशके ते परतले नाही. पाणी पुरेसे स्वच्छ होते, पण जवळपास बियाच उरल्या नव्हत्या. व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सचे शास्त्रज्ञ आणि द नेचर कन्झर्व्हन्सी ही संस्था यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने जिवंत गवतातले बियांचे तुरे हाताने खुडून, बी वेगळे करून ते खाड्यांत पेरले. सुमारे दोन दशकांत ७ कोटींहून अधिक बिया जेमतेम २१३ हेक्टरांत पडल्या आणि गवत आपण होऊन पसरत ३,६०० हेक्टरांपर्यंत गेले. तुरे खुडणाऱ्यांत स्नॉर्केल (श्वास घेण्याची नळी) लावून पोहू शकणारे साधे नागरिकही होते. याउलट फ्लोरिडातील टँपा बे या आखातात गवत परतले ते प्रामुख्याने सांडपाण्याच्या कडक शुद्धीकरणामुळे. गढूळ पाण्यात कोणी कितीही पेरणी केली असती तरी ती जगली नसती. आपली खाडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, तिला बी हवे आहे की सांडपाण्याला आवर, हे नोंदवहीशिवाय ठरवता येत नाही, आणि नगरपालिकेपुढे किंवा सुनावणीत बाजू मांडतानाही तीच वही उपयोगी पडते.

पक्ष्यांची आवड असेल तर गणनेचे काम मागून घ्यावे. ओहोटीला चिखल उघडा पडला की तुतवार आणि चिखल्या दूरवर विखुरतात. भरती चढल्यावर तेच पक्षी उरलेल्या उंचवट्यांवर दाटीने गोळा होतात, म्हणून मोजायचे ते भरतीच्या वेळी. मोठ्या थव्यातला दहाचा किंवा पन्नासाचा एक गट नजरेने ठरवायचा आणि तो थव्यावर किती वेळा बसतो ते पाहायचे, ही युक्ती थोड्या सरावाने जमते. १९८७ पासून जानेवारी महिन्यात होत आलेली आशियाई पाणपक्षी गणना बव्हंशी अशाच हौशी मंडळींच्या जोरावर चालते.

विणीच्या हंगामात पहाऱ्याचे काम असते. सुरय आणि चिखल्या उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात आणि ठिपक्याठिपक्यांची ती अंडी दोन पावलांवरूनही ओळखू येत नाहीत. दोरी बांधायची, फलक लावायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गोड बोलून त्यांना वळसा घालून जायला सांगायचे, एवढेच हे काम. मोकाट कुत्र्यामुळे किंवा अगदी जवळ सरकणाऱ्या छायाचित्रकारामुळे पक्षी अंड्यांवरून उठला तर कडक उन्हात काही मिनिटांतच अंड्यांतल्या जिवाला धोका पोहोचतो. तापट स्वभावाच्या माणसाने हे काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा भांडण झाले की लोक मुद्दाम दोरी ओलांडतात.

काही कामे विशिष्ट प्राण्यांभोवती बेतलेली असतात. अमेरिकेतील डेलावेअर बे या आखाताच्या किनाऱ्यावर मे आणि जूनमध्ये अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, रात्रीच्या भरतीला हॉर्सशू क्रॅब नावाचे कवचधारी प्राणी अंडी घालायला येतात आणि स्वयंसेवक वाळूवर ठराविक मापाची चौकट टाकून तीत सापडलेले नर-माद्या मोजतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून आर्क्टिककडे निघालेले रेड नॉट पक्षी वाटेत तिथे थांबून याच अंड्यांवर पोसतात आणि दोनेक आठवड्यांत वजन जवळपास दुप्पट करून पुढे जातात, म्हणून या प्राण्यांची मोजदाद ही एका परीने पक्ष्यांचीही काळजी आहे. (नाव क्रॅब असले तरी हा प्राणी खेकड्यापेक्षा कोळी-विंचवांना जवळचा आहे.) लाटेने उलटा पडलेला प्राणी शेपटीला धरून उचलायचा नाही, कवचाच्या कडेला हात घालून सुलटा करायचा, हे तिथे सर्वांत आधी शिकवतात.

किनारा-सफाईबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. ती करावीच, पण किती किलो कचरा उचलला यापेक्षा तो कसला होता, ही माहिती अधिक मोलाची असते. १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर ज्या मोहिमेतून आंतरराष्ट्रीय किनारा-सफाई दिन उभा राहिला, तिच्या आरंभापासूनच स्वयंसेवकांच्या हाती कचऱ्याचा एकेक नग नोंदवण्यासाठी पत्रक दिलेले होते. झाकणे किती, दोरीचे तुकडे किती, सिगारेटची थोटके किती हे कळले तरच कचरा कोठून येतो याचा माग लागतो आणि तिथे उपाय करता येतो. आणखी एक, भरतीरेषेवर पडलेले सागरी गवताचे आणि शेवाळाचे पट्टे कचरा समजून उचलू नयेत. त्यांत किडे-झिंगे वाढतात आणि पक्ष्यांचे पोट त्यांवर भरते. किनारा गुळगुळीत झाडून काढणारी मोहीम दिसायला देखणी असते, पण तीत मी भाग घेत नाही.

तीच गत कांदळवन लागवडीची. हजारो रोपे एका सकाळी लावल्याच्या बातम्या येतात, परंतु रोपे बहुधा लावली जातात ती सोयीच्या, मोकळ्या चिखलपट्ट्यावर, जिथे कांदळ मुळात उगवतच नाही, कारण ती जागा दिवसाचा फार काळ पाण्याखाली असते. फिलिपिन्समधील अशा लागवडींचा आढावा घेतला तेव्हा दीर्घकाळ तगलेल्या रोपांचे प्रमाण १० ते २० टक्केच भरले. शिवाय तो चिखलपट्टा रिकामा नसतो; पाणपक्ष्यांची ती चरण्याची जागा असते. बांध फोडून किंवा तुंबलेला ओहोळ मोकळा करून भरतीचे पाणी पूर्ववत खेळू दिले तर वाहून आलेल्या बियांपासून कांदळवन पुष्कळदा आपोआप उगवते.

यावरूनच संस्था कशी निवडावी हे ठरवता येईल. लावलेली रोपे तीन वर्षांनी किती उरली, गोळा केलेल्या नोंदी कोठे जातात आणि त्यांवरून गेल्या काही वर्षांत कोणता निर्णय बदलला, हे सरळ विचारावे. चांगली संस्था अपयशही सांगते. रोपे वाचली नाहीत हे न लपवणाऱ्या कार्यकर्त्यावर मी अधिक विश्वास ठेवतो. प्राणी हाताळण्याचे परवाने कोणाकडे आहेत, प्रशिक्षण मिळते का आणि होडीत जीवरक्षक जाकीट सक्तीचे आहे का, हेही पाहावे. जखमी पक्षी किंवा कासव दिसल्यास स्वतः उपचार करू न देता प्रशिक्षित माणसाला बोलावण्याचा नियम असेल, तर संस्था जबाबदार आहे असे समजावे. चिखलात उतरणे जमणार नसेल तरी अडत नाही, कारण नोंदी संगणकात भरणे, जाहीर सूचना वाचून हरकती लिहिणे, देणग्यांचा हिशेब ठेवणे या कामांना माणसे नेहमीच कमी पडतात.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात सांगतो. चिखलात एकट्याने जाऊ नये आणि परतण्याची वेळ काठावरच्या कोणाला तरी सांगून ठेवावी. पाय रुतला तर ओढाताण न करता मागे रेलून वजन पसरावे आणि पाय हळूहळू हलवत सोडवावा. कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, म्हणून जाड तळाचे बंद बूट आणि हातमोजे हवेत. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात. जखम झाल्यास ती लगेच स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी आणि सूज किंवा ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. यकृताचा विकार असलेल्यांनी उघडी जखम घेऊन अशा पाण्यात उतरूच नये.

राहिला आपल्या एका दिवसाचा प्रश्न. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे दिवसाला दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर आज सकाळी आठला भरती असेल तर पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेच्या आसपास ओहोटी असते. तेव्हा दर रविवारी सकाळी येईन, असे संस्थेला सांगितल्यास एकाआड एक रविवार चिखलातल्या कामासाठी वाया जाईल. त्याऐवजी वर्षाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक समोर ठेवून एक रविवार चिखलातल्या कामाला आणि दुसरा भरतीवेळच्या पक्षीगणनेला, अशी वाटणी त्यांच्याकडून करून घ्यावी. पाण्याचे पहाटेचे नमुने मात्र प्रशिक्षण झाल्यानंतरच मागावेत.