लकव्याच्या पत्रकात ‘हात बसणे’ चालेल का?

जळगावला फिजिओथेरपी शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. लकव्याच्या रुग्णांसाठी ती मराठीत पत्रक करतेय. त्यात ‘मोटर लर्निंग’ला, म्हणजे सरावानं हालचाल अंगवळणी पडण्याला, ‘प्रेरक अध्ययन’ म्हटलं तर चालेल का?

परीक्षेत चालेल, पत्रकात नको. स्नायूंना हुकूम पोचवते ती प्रेरक चेता, हे पुस्तकात ठीक. पण चारचौघांत ‘प्रेरक’ म्हटलं की व्याख्यानच आठवतं. यासाठी आपल्याकडे घरचाच शब्द आहे: हात बसणे.

धुळ्याला आत्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरचे मांडे असतात. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि तापलेल्या उपड्या खापरावर अलगद सोडायचा. मी करायला गेले की मांडा मनगटाशीच फाटायचा. आत्या म्हणायची, ‘तुना हात आजून बसना नही.’ कृती मला तोंडपाठ होती, पण हाताला ती ठाऊक नव्हती.

हे नुसतं बोलणं नाही. मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर (१९५३) हेन्री मोलेसन या रुग्णाच्या लक्षात नवं काही राहत नसे. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. हे आपण काल केलंय याचा त्याला पत्ताच नसायचा, तरी तीन दिवसांत चुका कमी होत गेल्या. माणूस विसरला, हात नाही विसरला. ‘अध्ययन’ म्हटलं की नेमकं हेच निसटतं.

आता लकवा. (अरबीत लक्वा म्हणजे फक्त तोंड वाकडं होणं, आपण तो शब्द अख्ख्या अंगाला लावला. जुनी माणसं ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. जातं वारं नाही, मेंदूतला रक्तपुरवठा अडतो किंवा रक्तवाहिनी फुटते.) एका हाताची संवेदना तोडलेली माकडं तो हात वापरायचंच सोडून देत, चांगला हात बांधला की मात्र वापरू लागत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी यावरून ओळखलं की न वापरणं हेसुद्धा शिकलेलंच असतं. त्यातूनच उपचार निघाला: चांगल्या हाताला जाड मोजा घालायचा, जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ, दोन आठवडे, आणि दुबळ्या हाताकडून कसून काम करून घ्यायचं. २००६ साली २२२ रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला. अर्थात मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येत असतील तरच.

पुढे आत्यालाच लकवा झाला. उजव्या हातात थोडा जीव होता, पण ताट, चमचा, फोन, सगळं डाव्यानं. शिवाय घरातले सतत ‘राहू दे, आम्ही करतो.’ न वापरण्यावरच हात बसला म्हणा ना! दाबायला दिलेला रबरी चेंडू तिनं दोन दिवसांत नातवाला देऊन टाकला आणि कणीक मागितली.

तरी मुली, एक सांभाळ. गळा बसला की आवाज जातो, धंदा बसला की दुकान बंद होतं. हात बसला की मात्र काम सुधारतं. लकव्याच्या घरात नुसतं ‘हात बसला’ वाचलं तर कुणाला वाटेल, उरलासुरलाही गेला. म्हणून ‘कामावर हात बसेपर्यंत’ असं पूर्ण लिही. आणि बोलण्याच्या व्यायामाला हा शब्द लावू नकोस. तिथे जीभ वळते.