लॉकडाऊनमध्ये गावाकडे लोक खरंच एकमेकांच्या मदतीला आले, की सगळं फोटोपुरतंच होतं?

दोन्ही झालं. फोटोही निघाले आणि फोटोत न आलेलंही बरंच घडलं. तुम्ही लिहिलंय की तो सगळा काळ पुण्यात फ्लॅटमध्ये काढला आणि गावाकडच्या एकोप्याचे व्हिडिओ पाहिले की खोटं वाटतं. मला माझ्या गावापुरतंच सांगता येईल. माझी पिठाची गिरणी आहे, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी, सुरत-धुळे रस्त्याला लागून. गिरणी बंद ठेवायची नव्हती, त्यामुळे त्या दोन-तीन महिन्यांत गावातलं जवळपास प्रत्येक घर माझ्यासमोर डबा घेऊन उभं राहिलं. दळणावरून घराचं बरंच कळतं.

२४ मार्च २०२० ला रात्री आठला भाषण झालं आणि नऊला गिरणीसमोर डब्यांची रांग. दुसऱ्या दिवशी पाडवा. पुरणाची तयारी सोडून बाया गहू घेऊन आलेल्या. साडेअकरापर्यंत दळत होतो. दगड इतका तापला की पिठाला करपट वास यायला लागला. मग अंतर ठेवायला चुन्याचे गोल आखले. गोलात डबे उभे राहायचे आणि डब्यांचे मालक लिंबाखाली एकमेकांना खेटून बसायचे.

शेवटी पोलीस पाटील म्हणाले, काहीतरी वेळ ठरवून द्या. गल्लीवार बारी लावली आणि कुणी हुज्जत घातली नाही. याला कारण आहे. पांझरेवर फडाचं पाणी आहे: नदीवर बंधारा, त्याचा पाट, शिवाराचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाटकरी देईल तेव्हा आपल्या बारीचं पाणी घ्यायचं. तीनएकशे वर्षांची ही पद्धत. आता बऱ्याच ठिकाणी ती मोडलीय, पण बारी चुकवली तर गाव काय म्हणेल हे अजून सगळ्यांना माहीत आहे.

तर दळण. एरवी दहा किलोचा डबा आणणारं घर एप्रिलच्या मध्यावर तीन किलोवर आलं, की मी समजायचो. मग रेशनचा तांदूळ यायला लागला. केंद्राकडून माणशी ५ किलो फुकट मिळाला, पण आमच्याकडे दोन्ही वेळ भात कोण खातं? भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. बाया तांदळात दादर मिसळून दळायला आणायच्या, भाकरी थापता यावी म्हणून. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. निम्मी दादर असली तर त्या घरी बरं चाललंय. निव्वळ तांदूळ आला, तर घरातली ज्वारी संपली. केशरी कार्डवाल्यांना तेही फुकट नव्हतं. मे महिन्यात त्यांना ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ सुरू झाला, तेव्हा कुठे त्यांच्या डब्यांचं वजन वाढलं. आणि शेतीवाले सुखात होते असं समजू नका. कापूस खरेदी बंद, जिनिंग बंद, घरात कापूस आढ्याला टेकलेला आणि खिशात रुपया नाही. लेकरं कापसावरच झोपायची आणि अंग खाजवत उठायची.

मी गिरणीच्या दाराशी १५ किलोचा तेलाचा रिकामा डबा ठेवला. वर पाटी लावली: जमेल त्याने मूठभर पीठ टाकावं, लागेल त्याने न्यावं. दोन दिवसांत डबा भरला आणि पुढचे आठ दिवस भरलेलाच राहिला. चौकात, सगळ्यांसमोर, कोण हात घालणार? मला अभिमान वाटत होता त्या डब्याचा. बायको म्हणाली, "आधी ती पाटी काढा." काढली. मग मी दळण झालं की ज्याचं-त्याचं पीठ भरताना, ज्याला लागेल त्याच्या डब्यात दोन-चार ओंजळी जास्तीचं टाकायला लागलो. पुढच्या गल्लीतल्या एका म्हातारीने घरी जाऊन डबा उघडला आणि परत आली. "आप्पा, मना डबामा पीठ जास्त कसं?" मी म्हणालो, "गिरनीमा राहेल व्हतं." ती माझ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं गिरणीवर दळण आणणारी बाई, गिरणीत किती पीठ राहतं तिला चांगलं ठाऊक. "मंग बरं," म्हणाली आणि गेली. मे महिन्यात एका सकाळी आमच्या ओट्यावर टोपलंभर कुरडया ठेवून गेली. बायकोने हाक मारून विचारलं, तर मागे न बघता म्हणते, "घरमा राहेल व्हत्यात."

फोटोंचं म्हणाल, तर एका पुढाऱ्याची पोरं किट वाटायला आली होती: तेल, साखर, चहापत्ती, एक किलो तूरडाळ. त्या एका पिशवीला सात हात लागलेले आणि समोर बाई पदराने तोंड झाकून. डाळ खरी होती आणि तिच्या घरी शिजलीही, त्यामुळे मी त्याला खोटं म्हणणार नाही. पुढच्या वेळी ती आली नाही, एवढंच.

एप्रिलच्या शेवटी गिरणीचा पट्टा तुटला. साक्रीतली दुकानं बंद, धुळ्याला जायची सोय नाही. आमची जुनी गिरणी, रुंद कापडी पट्ट्याची. गावातले चर्मकारबाबा महिनाभर बसून होते. लग्नं नाहीत, बाजार नाही, चपला कोण शिवणार? त्यांनी पट्ट्याची दोन्ही टोकं तिरपी कापली, एकावर एक चढवली, आरीने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी टाके घातले. दोन तास लागले. मी पैसे विचारले तर म्हणाले, मजुरी लावू नको, दळण लाव. तो टाका पुढे सव्वा वर्ष टिकला. नवा पट्टा आणून ठेवला होता, तरी बदलावासा वाटला नाही.

रस्त्यावरून माणसं जातच होती. सुरतकडून धुळे, जळगाव, अकोल्याच्या बाजूला, काही त्याहून पुढे मध्य प्रदेशात. आमच्या भागातल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी सुरतला असतं, उधना आणि लिंबायतमध्ये तर तुम्हाला अहिराणीच ऐकू येईल. त्यामुळे चालणारा प्रत्येक जण ओळखीचा वाटायचा. आधी पोरांनी भाकरी-ठेचा द्यायला सुरुवात केली, पण उन्हात दोन तासांत भाकरीचा पापड होतो. त्याच वेळी हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद असल्यामुळे डेऱ्या दूध पूर्ण घेत नव्हत्या आणि घरोघरी दूध उरत होतं. मग बायांनी दशम्या केल्या. दुधात मळलेल्या, दोन-तीन दिवस मऊ राहतात. पूर्वी बैलगाडीच्या प्रवासाला ह्याच न्यायचे. गल्लीवार बारी इथेही लागली. एक पोरगा सकाळी टोपली घेऊन फिरायचा, घरामागे पाच. ८ मेला बातमी आली की जालन्याहून निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. भुसावळला गाडी मिळेल म्हणून निघाले होते. रुळांवर पडलेल्या पोळ्यांचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आला. त्या दिवशी टोपलीत दशम्या नेहमीपेक्षा जास्त होत्या. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर माझं उत्तरही त्या व्हिडिओंसारखंच होईल. रस्त्यावरच्या परक्याला दशम्या देणाऱ्या याच गावाने शिवेवर काट्या टाकून रस्ता अडवला होता. बाहेरचा कुणी आत नको. काट्या तोडायला मीही होतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात माझा चुलतभाऊ सुरतहून पायी आला, पाच दिवस चालून. काट्यांपलीकडे उभा राहिला आणि अलीकडे आम्ही. त्याची आई रडायला लागली, लोक ओरडायला लागले. दीड तास तो उन्हात उभा होता आणि मी काट्या उचलल्या नाहीत. शेवटी आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, आली, चपलेनेच काट्या बाजूला लोटल्या आणि त्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत नेलं. चौदा दिवस. जेवणाचा डबा रोज वेगवेगळ्या घरून जायचा, त्यात कुणी कसूर केली नाही. पण तो दीड तास झाला तो झालाच.

आणि मन्यार. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे बांगड्या भरायला येणारे चाचा, लेकी माहेरी आलेल्या असतात म्हणून. २६ एप्रिलला आखाजी होती. लेकी आल्याच नव्हत्या. लिंबाला झोके बांधले नव्हते, घागरीवर ठेवायला खरबूज मिळालं तेही कुणाच्या तरी मळ्यातून. बायांनी सांजोऱ्या तळल्या आणि मोबाइलवर लेकींना दाखवल्या. चाचा आदल्या दिवशी शिवेपर्यंत आले, सायकलवर पेटी बांधून. त्या दिवसांत मुसलमान विक्रेत्यांबद्दल कसले-कसले व्हिडिओ फिरत होते तुम्हाला आठवत असेल. पोरांनी त्यांना परत पाठवलं. "बाहेरचा" म्हणून पाठवलं असं म्हणतात, पण त्याच सकाळी टरबुजांचा टेम्पो आत आला होता. मी गिरणीच्या दारातून बघत होतो. गिरणी चालू होती, आवाजात काही ऐकू येत नाही, असं मी नंतर घरी सांगितलं. चाचा पुढच्या वर्षीही आले नाहीत. आता त्यांचा मुलगा साक्रीला दुकानात बसतो, बाया तिकडेच जातात.

चुलतभाऊ दिवाळीनंतर सुरतला परत गेला. काट्यांचा विषय त्याने कधी काढला नाही. २०२२ च्या आखाजीला आला होता, रात्री गच्चीवर पत्ते खेळत होतो आणि पानं लावता लावता एकदम म्हणाला, "आप्पा, त्या काटा बोरीना व्हतात का बाभूयना?"

"बोरीना," मी म्हणालो. नदीकाठच्या, आपल्याच बांधावरच्या.

"माले बाभूयना वाटनात," म्हणाला आणि पान टाकलं.