वाचक विचारतात: ग्रीसमधला शांत बीच

प्रश्न: नमस्कार ताई, मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो. सप्टेंबरात मी, मिसेस आणि आई ग्रीसला जायचं म्हणतोय. सँटोरिनीचे रील्स बघून कंटाळा आलाय, नुसती माणसंच माणसं. शॅक नाही, म्युझिक नाही असा शांत बीच कुठल्या बेटावर मिळेल? आम्ही शाकाहारी आहे. आणि तिथं स्कूटर भाड्यानं घेतली तर चालते का?

उत्तर: सप्टेंबर धरलाय ना, मग निम्मं काम झालंय बघा. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा युरोप सुट्टीवर असतो आणि वर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो, कधी कधी फेरीबोटीसुद्धा रद्द होतात. आपल्या कासला रविवारी गेलं की फुलांपेक्षा डोकीच जास्त दिसतात आणि मंगळवारी सकाळी तेच पठार मोकळं, तसंच आहे हे. वारा असेल त्या दिवशी दक्षिणेकडं तोंड असलेला बीच निवडायचा, एवढं ध्यानात ठेवा.

मी तुम्हाला नॅक्सोस सांगेन. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून मोठ्या फेरीनं पाच-साडेपाच तास लागतात. प्लाका बीच चांगला लांबलचक आहे, बसस्टॉपजवळ गर्दी दिसली तर वाळूतनं दक्षिणेकडं चालत सुटायचं, माणसं कमी कमी होत जातात. त्याच्याही खाली अलिको, तिथं सीडरची बुटकी वाकडी झाडं पार वाळूपर्यंत आलीत, मधे एक अर्धवट सोडून दिलेलं हॉटेल आहे ज्याच्या भिंती कुणी कुणी रंगवून ठेवल्यात, आणि खडकांच्या आड छोटे छोटे बीच. दुकान जवळ नाही, पाणी आणि भडंगाचं पाकीट सोबत न्या. खडकाशेजारी पाण्यात उतरताना रबरी शूज घाला, खडकाला चिकटून बसणारा काटेरी सी-अर्चिन नावाचा प्राणी असतो, त्याचा काटा पायात घुसला की काटा काढता काढता जीव जातो.

आई सोबत आहेत म्हणून आधीच सांगते, अशा निवांत बीचवर लोक बऱ्याचदा कपड्यांशिवाय ऊन खात पडलेले असतात, तिथं त्याचं कुणाला काही वाटत नाही. आईंना आधी कल्पना द्या, नाहीतर प्लाकाच्या बसस्टॉपकडच्या बाजूलाच बसा.

ग्रीसनं 2024 साली 198 बीचवर भाड्याच्या खुर्च्या-छत्र्या लावायला बंदी घातली, मला तर हे फार आवडलं. फक्त तुमची सावली तुम्हीच न्यायची. आठवण म्हणून गोटे-वाळू उचलू नका, दंड होतो.

जेवणाची चिंता नको. फावा म्हणजे डाळीचं घट्ट पिठलंच समजा, मोठ्या पावट्याचे गिगांतेस, पालक भरून भाजलेली पेस्ट्री, शिवाय नॅक्सोसचा बटाटा अख्ख्या ग्रीसमध्ये फेमस आहे. उपवासाचं जेवण मागायचं असेल तर निस्तिसिमो म्हणा, त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण कोळंबी-कालवं त्यांच्या उपवासाला चालतात म्हणून तेवढं विचारून घ्या.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. फी 90 युरो, 30,000 युरोचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलू नका.

स्कूटरचं म्हणाल तर तिघं एकीवर सांगलीत जमतं, तिथं नाही. छोटी कार घ्या. आपल्या लायसन्सवर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट जायच्या आधीच काढा, ते नसताना अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात.