साडेतीन वर्षांच्या मुलाला चेहऱ्यावरचे भाव ओळखता येत नाहीत. आई चिडकी आणि बाबा अबोल असल्याचा हा परिणाम का?

बालवाडीच्या शिक्षिकेनं सुचवलं त्या अर्थानं तरी नाही. तुम्ही लिहिलंय की शाळेतल्या चेहऱ्यांच्या तक्त्यावर मुलगा किळसवाण्या चेहऱ्याला ‘रागावलाय’ म्हणाला, घाबरलेल्याला काहीच म्हणाला नाही, आणि त्यावर तिनं तुम्हाला विचारलं, “घरी फार आरडाओरडा होतो का?” या वाक्यावरून बालवाडीच्या शिक्षकांशी मी वर्षानुवर्षं भांडत आलेय, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी तो तक्ता. पिवळे गोल चेहरे दाखवून मूल जोखायचं नाही. त्यात भुवया म्हणजे दोन रेघा, नाकाचा पत्ताच नाही. किळस दिसते मुख्यतः नाकाला पडलेल्या सुरकुत्यांत आणि वर उचललेल्या ओठात. नाकच नसेल तर पोरानं ओळखायचं कशावरून? तसंही या वयात किळसेला राग म्हणणं ही अगदी नेहमीची चूक आहे. बहुतेक मुलांना आनंद सर्वांत आधी कळतो, मग दुःख आणि राग, भीती आणि आश्चर्य त्यानंतर, आणि किळस बऱ्याच उशिरा. भीती आणि आश्चर्य दोन्हींत डोळे मोठे आणि भुवया वर. फरक इतकाच की भीतीत त्या जवळ ओढल्या जातात. हा फरक मोठ्यांनाही चकवतो.

खरंच पाहायचं असेल तर घरी असं करा. घरातल्याच दोन माणसांचे आनंदी, दुःखी, रागावलेला आणि घाबरलेला असे चार-चार फोटो काढा. उजेड समोरून, चष्मा काढलेला. पोस्टकार्डाएवढे छापून घ्या. आधी एकेक फोटो दाखवून विचारा, “याला काय झालंय?” मग एकाच माणसाचे चारही मांडून म्हणा, “रागावलेला दाखव.” दाखवणं हे नाव सांगण्यापेक्षा सोपं असतं, म्हणून क्रम उलटा करू नका, नाहीतर तुमच्याच तोंडचे शब्द तो परत देईल. चारांतून एक नुसत्या अंदाजानंही चारांत एकदा बरोबर येतं, म्हणून प्रत्येक भाव दोन-तीन वेळा, जागा बदलून विचारा. ‘शाब्बास’ नको, आणि योग्य फोटोकडे बघणं तर अजिबात नको. मुलं तुमच्या नजरेवरून उत्तर काढतात. कंटाळला की थांबा. गुण असे: बरोबर असेल तर 2, दुःखाला राग म्हणाला तर 1, दुःखाला आनंद म्हणाला तर 0. लहान मुलांना भावना किती कळतात हे तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञ सुझान डेनहॅम यांच्या बाहुल्यांच्या चाचणीत गुण देण्याची पद्धत साधारण हीच आहे. एकूण गुणांपेक्षा चूक कोणत्या दिशेला जाते ते बघा.

आता आईबाबांचा स्वभाव. परिणाम होतो, पण ‘चिडकी आई’ हे त्याचं उत्तर नव्हे. मुलाला चेहरा, कारण आणि शब्द हे तिन्ही एकत्र मिळावे लागतात. दूध उतू गेलं, आई चिडली, “वैताग आला बाई” म्हणाली, ओटा पुसला, राग गेला; या घरातल्या मुलाला राग चांगला कळतो. बिघडतं ते दोन प्रकारांनी. कपाळाला आठ्या आणि तोंडानं “काही नाही झालं” हा पहिला. दुसरा जास्त चोरटा: सगळ्या भावनांवर एकच चेहरा. मूल रस्त्यावर हात सोडून पळतं, तुम्ही घाबरता, पण चेहरा आणि आवाज दोन्ही रागाचेच. अशा वेळी पाच मिनिटांनी का होईना, “मी घाबरले होते, म्हणून ओरडले” हे वाक्य म्हणाच. ‘चिडलाय’खेरीज हिरमुसलाय, रुसलाय, दचकलाय हेही रोजच्या बोलण्यात येऊ द्या. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डन आणि सहकाऱ्यांनी 1991 साली मांडलेल्या अभ्यासात 33 महिन्यांच्या मुलांच्या घरातलं बोलणं टिपलं होतं. जिथं भावना आणि त्यांची कारणं जास्त बोलली जात होती, तिथली मुलं 40 महिन्यांची झाल्यावर भावना समजण्यात पुढे होती.

आणि हो, तुमच्या यजमानांचं अबोलपण. शाळेनं त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, हेच मला खटकतं. न हलणारा चेहरा मुलाला वाचायला काहीच देत नाही, मग घरातला सगळा सराव आईच्या चेहऱ्यावर होतो आणि खापरही तिच्यावरच फुटतं. पुढच्या पालकसभेला त्यांनाच पाठवा.

‘आरडाओरडा’वाले लोक ज्याचा आधार घेतात तो अभ्यास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सेथ पोलॅक यांचा, 2000 सालचा. मारहाण सोसलेली बालवाडीच्या वयाची मुलं चेहऱ्यांना राग जास्त लावत होती. दुर्लक्षित मुलांना भाव वेगळे ओळखणंच जड जात होतं. पण ती शारीरिक अत्याचाराची आणि उपेक्षेची प्रकरणं होती, डब्यावरून होणाऱ्या कटकटीची नव्हेत. अर्थात तुमच्या घरात मार असेल, तर वर लिहिलेल्या दिलाशातलं काहीही तुम्हाला लागू नाही. स्वभाव थोडाफार रक्तातूनही येतो, त्यामुळे आईबाप आणि मूल सारखे दिसले की सगळं संगोपनाच्या खात्यावर मांडता येत नाही.

एक राहिलंच. तो चेहऱ्याकडे बघायचंच टाळत असेल, हाकेला वळत नसेल, हवी ती वस्तू बोटानं दाखवत नसेल, तर हे फोटोंचे खेळ बाजूला ठेवा. आधी कान आणि डोळे तपासून घ्या आणि विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांना दाखवा; जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) असेल तर तिथेही ही तपासणी होते.